हंगामाच्या अखेरची ठाणे खाडी पक्षीफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, एका रविवारी सकाळी, आमचा गट ऐरोलीच्या खाडीकाठी वर्षातील शेवटची पक्षीफेरी काढतो. या फेरीविषयी नाव नोंदवणाऱ्यांकडून दरवर्षी जवळपास तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. वेळ कमी असेल तर निदान भरती-ओहोटीचे उत्तर वाचून यावे, कारण त्या सकाळी काय दिसेल हे बहुतांशी त्यावरच ठरते.

फेरी नेमकी कुठे असते?

नवी मुंबईत ऐरोली येथे, ठाणे खाडीच्या पूर्व काठावर. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केले. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि त्यातील निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर राज्यातील हे तिसरे स्थळ. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. सर्वांनी त्या केंद्राच्या प्रवेशद्वाराशी जमायचे आहे आणि तेथून कांदळवनातून खाडीकडे चालत जायचे आहे. जाऊन-येऊन अंतर फार नाही, पण थांबत, पाहत जाताना तीन तास सहज लागतात.

हंगाम संपत आलेला असताना का यावे? जानेवारीत आलेले बरे नाही का?

जानेवारीत यावेच, परंतु त्या महिन्यात खाडीवर पक्ष्यांची इतकी दाटी असते की नवख्या माणसाला एक राखाडी-तपकिरी गर्दी दिसते आणि तो घरी जाऊन 'खूप पक्षी होते' एवढेच सांगू शकतो. हिवाळ्यात बहुतेक चिखलपक्षी, म्हणजे चिखलात चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी, फिक्या पिसाऱ्यात असतात आणि त्यांच्यातील तुतवारांच्या दोन जाती वेगळ्या ओळखताना जाणकारांचेही वाद होतात. एप्रिलच्या अखेरीपासून चित्र बदलते. उत्तरेकडे परतण्यापूर्वी या पक्ष्यांना विणीच्या हंगामाचा पिसारा चढू लागतो, आणि ज्याला हिवाळ्यात आपण धुळकट म्हणून सोडून दिले त्याच तुतवाराची छाती आणि पोट विटेसारखे तांबूस झालेले दिसते. शिवाय हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. त्यामुळे ते अखंड चरत असतात आणि त्यांची चरण्याची पद्धत निवांतपणे पाहता येते.

बदके मात्र तोवर गेलेली असतात, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक चिखलपक्षीही मेच्या मध्यापर्यंत निघून जातात, आणि मागे राहतात ती पहिल्याच वर्षातील पिल्ले, ज्यांना यंदा वीण करायची नसल्यामुळे परतण्याची घाई नसते. ही फेरी मेच्या पहिल्या पंधरवड्यातच ठेवण्याचे कारण हे आहे: त्यानंतर पंधरा दिवसांनी आलो तर निम्मी मंडळी गेलेली असतात.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतीलच ना?

बहुतेक वेळा दिसतात, परंतु हमी देता येत नाही. खाडीतील रोहित साधारण पावसाळा संपल्यावर येऊ लागतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी जातात. म्हणजे इतर पाहुणे निघून गेल्यावरही ते रेंगाळतात, आणि एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईच्या बाजूला त्यांची संख्या अनेकदा चांगली मोठी असते. प्रश्न संख्येचा नसून ते त्या सकाळी कुठे असतील याचा असतो. ठाण्याच्या बाजूपासून वाशीच्या पुलापर्यंत आणि पुढे शिवडीपर्यंत पसरलेल्या चिखलपट्ट्यांपैकी कोणत्या पट्टीवर थवा उतरेल हे पाणी ठरवते. ज्यांना हजारो गुलाबी पक्षी छायाचित्रात हवेच आहेत आणि ते न दिसल्यास सकाळ वाया गेली असे ज्यांना वाटणार आहे, त्यांनी या फेरीला न आलेलेच बरे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

तारीख दरवर्षी बदलते. ती कशी ठरवता?

पंचांग पाहून. हे ऐकून काही जण हसतात, परंतु खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत भरतीचे गणित तिथीवरच चालत आले आहे आणि ते मुंबईच्या किनाऱ्यासाठी ठोकळमानाने बरोबर येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून पहाटे साडेचारच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी त्याच सुमारास दुसरी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात.

आता हे पक्ष्यांशी जोडून पाहा. रोहित आणि चिखलपक्षी यांचे अन्न चिखलात असते. पाणी चढलेले असताना चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी मागच्या पाणथळ तळ्यांवर, मोकळ्या खाजणांवर किंवा सीवूड्स-नेरूळ भागातील पाणथळींवर जाऊन विसावतात. पाणी उतरू लागले की पुन्हा खाडीत येतात आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या कडेने पाण्याच्या मागे मागे सरकतात. पूर्ण ओहोटीला चिखल अफाट पसरतो आणि पक्षी दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे होतात. पूर्ण भरतीला ते समोर नसतातच. आम्हाला हवी असते ती मधली वेळ, म्हणजे सूर्योदयानंतर पाणी उतरत असण्याची, आणि पंचमी ते सप्तमी या तिथींपैकी एखादी रविवारी आली की ती साधते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणापासून आपण तेव्हा दूर असतो आणि अष्टमीच्या सुमारास येणारा भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, जवळ आलेला असतो, त्यामुळे पाणी बेताने उतरते आणि पक्षी जास्त वेळ काठाजवळ राहतात.

एका वर्षी या हिशेबात आम्ही फसलो आहोत. बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेळा आम्ही जशाच्या तशा ऐरोलीला लावल्या. खाडी आत निमुळती होत जाते आणि पाण्याला वर यायला व उतरायला वेळ लागतो, हे त्या गडबडीत लक्षात घेतले नाही. चाळीस माणसे दीड तास डोंबाऱ्याच्या खेळाला जमल्यासारखी कांदळवनाच्या कडेला पाणी बघत उभी होती. तेव्हापासून आदल्या रविवारी आमच्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाणी पाहून येते.

बोटीतून जाणार का?

नाही. अभयारण्यात बोटफेरीची सोय आहे आणि ती वनविभागाच्या व्यवस्थेखाली चालते, परंतु बोटीला पाणी लागते आणि आपल्याला चिखल हवा आहे. दोन्ही एका वेळी मिळत नाही. बोटफेरीची नोंदणी ज्याची त्याने वेगळी करावी.

दोन प्रकारचे रोहित असतात म्हणतात. ओळखायचे कसे?

खाडीत बहुसंख्येने दिसतो तो धाकटा रोहित. त्याची उंची ८० ते ९० सेंटिमीटर, चोच गडद किरमिजी, दुरून काळपट वाटावी इतकी, आणि पिसारा जास्त गुलाबी. मोठा रोहित १२० सेंटिमीटरच्या पुढे जातो, मान अधिक लांब, अंग पांढुरके आणि चोच फिकी गुलाबी असून तिचे फक्त टोक काळे असते. दोघे एकत्र उभे असतील तर प्रश्नच उरत नाही. एकटा असेल तर चोच पाहावी, रंगावर जाऊ नये. राखाडी-मळकट दिसणारे पक्षी म्हणजे आजारी रोहित नव्हेत, ती पिल्ले आहेत, आणि त्यांना गुलाबी रंग चढायला दोन-तीन वर्षे लागतात. हा रंग अन्नातील कॅरोटिन वर्गातील द्रव्यांपासून येतो. उडताना पंखांखालचा लाल-काळा पट्टा उघडतो तेव्हा या पक्ष्याला अग्निपंख का म्हणतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

मुले हमखास विचारतात की रोहिताचा गुडघा उलटा का वाकतो. तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो.

खाडी इतकी घाण असताना हे पक्षी येथे येतात कसे? आणि वास येतो का?

वास येतो. त्यातला काही चिखलाचा स्वतःचा आहे: हवा न पोहोचणाऱ्या थरात पालापाचोळा कुजताना सडलेल्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि तो निरोगी कांदळवनातही येतो. उरलेला आपला आहे. दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी आणि औद्योगिक पट्ट्यातून येणारे पाणी वर्षानुवर्षे या खाडीत मिसळत आले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे अस्वस्थ करणारे आहे. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ आणि नीलहरित जीवाणू खातो. डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरीत अन्न अडकवतो. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांमुळे हे शेवाळ फोफावते. म्हणजे रोहितांची वाढलेली संख्या हे खाडी स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र मानता येत नाही, आणि फेरीवर कोणी तसे म्हणाले तर आम्ही नम्रपणे दुरुस्त करतो. मोठा रोहित चिखलातील छोटे कवचधारी प्राणी, अळ्या, शिंपले असे खातो. घाण एका मर्यादेपलीकडे गेली की हे प्राणी मरतात, गाळ साचून खाडी उथळ होत जाते आणि मोकळ्या चिखलावरही कांदळ पसरते. मग पक्ष्यांना उतरायला जागा उरत नाही.

येथून ते कुठे जातात?

प्रामुख्याने गुजरातकडे. कच्छच्या रणात पाऊस चांगला झाला आणि उथळ खारे पाणी पसरले की तेथे त्यांच्या मोठ्या वसाहती होतात. २०२२ मध्ये मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या १८८३ पासून चालत आलेल्या संस्थेने ठाणे खाडीतील ६ रोहितांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांतील पक्षी गुजरातच्या किनाऱ्याकडे गेल्याचे दिसले. त्या सहांपैकी एकाचे नाव 'नवी मुंबई' ठेवले होते. लांबचा प्रवास ते सहसा रात्री करतात, म्हणून निघताना ते कोणाला दिसत नाहीत; एका सकाळी चिखल रिकामा असतो, इतकेच. स्थलांतराचा हा काळ जोखमीचाही असतो. मे २०२४ मध्ये घाटकोपर येथे उतरणाऱ्या विमानाची धडक बसून एकाच रात्री ३९ रोहित मेले, ही घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

रोहितांशिवाय काय पाहायला मिळेल?

लांब लाल पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, चित्रबलाक, राखी बगळा, वंचक, शराटी, पाणकावळे, सुरय, दोन-तीन प्रकारचे खंड्या, आणि नशीब असेल तर मासा पकडायला झेपावणारा कैकर. चोचींकडे विशेष लक्ष द्यावे. चिखल्या आखूड चोचीने वरवरचे टिपतो, तुतवार थोडे आत जातो आणि लांब चोचीचे पक्षी बोटभर खोलवरून किडा ओढून काढतात. एकाच चिखलावर इतक्या जाती भांडण न करता कशा नांदतात याचे अर्धे उत्तर तेथे मिळते.

टिटवी आणि शेकाट्या यांच्या विणीचा काळ याच दिवसांत असतो आणि दोघेही जमिनीवरच अंडी घालतात. अंडी मातीच्या ढेकळांसारखी ठिपकेदार असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर थांबावे आणि आल्या वाटेने मागे यावे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस भरपूर, असे शेतकरी सांगतात. आम्ही अनेक वर्षे तिची अंडी दुरून पाहत आलो असलो तरी या भाकिताचा हिशेब कधी ठेवला नाही, याची आता चुटपुट लागते.

पायवाटेवरून खाली पाहिले की निवट्या दिसतील: कल्ले ओले ठेवून आणि कातडीतून श्वास घेत चिखलावर सरपटणारे मासे, एकमेकांवर पाठीचा पंख ताठ करून धावून जाणारे. एक नांगी अंगाला न शोभेल इतकी मोठी असलेले नर खेकडे ती नांगी हलवत माद्यांना बोलावत असतात. झाडांमध्ये सर्वाधिक दिसते ते तिवर. खालून उभी राहिलेली पेन्सिलींसारखी त्याची श्वासमुळे आणि पानांवर साचलेले मिठाचे कण आवर्जून पाहावेत. कण चाखण्याचा मोह मात्र इथले पाणी आठवून आवरावा. कांदळाच्या झाडावरच बी रुजून लोंबणारे हिरवे कोंबही या सुमारास दिसू शकतात. चिपीच्या कुळातील पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. चिखलात कुत्र्यासारख्या पावलांचे ठसे दिसले तर ते कोल्ह्याचेही असू शकतात. कांदळवनात कोल्हे आहेत, पण दिवसा क्वचितच समोर येतात.

छायाचित्रे काढता येतील का?

येतील. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणे, खडे मारणे किंवा वाट सोडून चिखलात उतरणे चालणार नाही, आणि तसे करणाऱ्यास आम्ही त्याच क्षणी परत पाठवतो. गेल्या काही वर्षांत दोनदा पाठवावे लागले आहे. यामागचे कारण केवळ शिस्त नाही. प्रवासाच्या तोंडावर असलेला पक्षी प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी खर्च करतो, आणि चिखल उघडा असण्याचे त्याचे तास मोजके असतात. ड्रोन आणू नये. अभयारण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. घरट्यांची आणि अंड्यांची छायाचित्रे काढू नयेत, काढली तर समाजमाध्यमांवर जागेसह टाकू नयेत.

सोबत काय आणावे? कपडे कसे असावेत?

मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर टोपी, मळले तरी चालतील असे बंद बूट. डास असतात, म्हणून मलम घरूनच लावून यावे. दुर्बीण असल्यास आणावी. नव्याने घेणार असाल तर ८×४२ या मापाची दुर्बीण पुरेशी असते: आठ पट मोठे दिसते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या मंद उजेडातही चित्र स्पष्ट राहते. दहा-बारा पटीच्या दुर्बिणी दुकानात भुरळ घालतात, पण हातात त्या थरथरतात. गटाकडे तीन जादा दुर्बिणी आणि तिपाईवरची एक मोठी दुर्बीण असते. पाणी किमान एक लिटर आणावे, कारण साडेआठनंतर खाडीकाठचा दमटपणा असह्य होतो.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना आणू का?

वाट सपाट आहे, आणि बसण्यासाठी आम्ही काही घडीच्या खुर्च्या सोबत नेतो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी नाव नोंदवताना सांगितले तर त्यांना पहिल्या थांब्यापर्यंत नेऊन तेथेच पक्षी दाखवण्याची जबाबदारी एकावर दिली जाते. सात वर्षांखालील मुलांना आणू नये असे आम्ही सुचवतो. तीन तास हळू बोलणे त्यांना जमत नाही आणि ती त्यांची चूक नाही.

खाण्यापिण्याचे काय? शुल्क किती?

फेरीसाठी गट शुल्क घेत नाही. केंद्राचे प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचे शुल्क असल्यास ते ज्याचे त्याने भरावे. वाटेवर काहीही खाऊ नये. वेफरची पाकिटे आणि केळ्यांच्या साली यांमुळे कावळे व कुत्री जमतात आणि जमिनीवरची घरटी त्यांच्या नजरेस पडतात. फेरी संपल्यावर बाहेर चहा-पोहे होतात, तेव्हा आपापला पेला सोबत असावा.

आदल्या रात्री पाऊस पडला तर?

वळवाची सर आली तरी फेरी होते. उलट हवा स्वच्छ होते आणि दूरचे पक्षी नीट दिसतात. विजा चमकत असतील तर मात्र फेरी रद्द, कारण खाडीकाठ मोकळा आहे. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास येतो, परंतु २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्यामुळे पुढच्या योग्य तिथीपर्यंत थांबू म्हणून फेरी पुढे ढकलण्याची सवय आम्ही सोडली आहे. रद्द झाली तर रद्द.

ऐरोलीला कसे पोहोचावे?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गावरील पनवेल किंवा वाशीची गाडी पकडावी. दिघा गावानंतरचे स्थानक ऐरोली. तेथून खाडीच्या बाजूला रिक्षा मिळते. मुलुंडकरांना ऐरोली पुलावरून बस किंवा रिक्षाने येणे सोयीचे आहे. सकाळी सव्वासहाला प्रवेशद्वाराशी हजेरी घेतली जाते आणि साडेसहाला गट आत जातो. उशिरा येणाऱ्यांसाठी कोणी बाहेर थांबत नाही, कारण पाणी थांबत नाही. फेरी साडेनऊला संपते. रविवारी मेगाब्लॉक असल्यास तो साधारण अकराच्या पुढे सुरू होतो, म्हणून परतीची गाडी चहा-पोह्यांच्या गप्पांत चुकवू नये, आणि निघण्यापूर्वी रेल्वेचे त्या दिवसाचे वेळापत्रक एकदा पाहून घ्यावे.